कमरेवर केसांचा झुपका, माकडहाडाशी 'शेपूट'... 'मारुतीचा अवतार' म्हणून रील शेअर करण्याआधी हे वाचा

दर काही महिन्यांनी एक व्हिडिओ फिरत फिरत आपल्या फोनवर येतोच. तान्ह्या बाळाला कुणीतरी पालथं धरलंय, कमरेच्या खाली शेपटीसारखं काहीतरी मऊ लोंबतंय. मागे हनुमान चालिसा, वर कॅप्शन 'साक्षात बजरंगबली जन्माला आले'. कमेंटमध्ये हात जोडलेल्या इमोजींची रांग. मध्येच कुणीतरी 'एडिटेड आहे भाऊ' म्हणतो, तर कुणी 'माणूस परत माकड व्हायला लागला' म्हणून हसतो. देशाच्या वेगवेगळ्या राज्यांतून अशा मुलांच्या दर्शनाला गर्दी झाल्याच्या बातम्याही येऊन गेल्यात.

हाच व्हिडिओ मुलांच्या मेंदू आणि मणक्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी पाहिला, तर त्यांच्या डोक्यात वेगळाच प्रश्न येतो. या बाळाचा एमआरआय झालाय का?

कारण पाठीच्या बरोबर मधोमध जन्मापासून असलेला केसांचा झुपका, मऊ गाठ, खोल छिद्र किंवा शेपटीसारखा भाग ही आतल्या मज्जारज्जूची घडण चुकल्याची खूण असू शकते. ती वेळेत ओळखली तर मुलाचे पाय आणि लघवीवरचा ताबा वाचण्याची चांगली संधी असते. नाही ओळखली, तर मूल वाढत जातं आणि नुकसान हळूहळू, आवाज न करता होत राहतं.

हा सगळा प्रकार आहे तरी काय, तेच आज समजून घेऊ.

पाळी चुकल्याचं कळेपर्यंत कणा बनून गेलेला असतो

आपल्या मेंदूकडून हातापायांकडे निरोप नेणारी जाड केबल म्हणजे मज्जारज्जू. ती मणक्यांच्या आतल्या पोकळीतून खाली जाते. आता ही केबल बनते कशी?

गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भ म्हणजे पेशींची एक चपटी चकती असते. या चकतीच्या वरच्या थराचा मधला पट्टा जाड होतो, त्याच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि चपाती गुंडाळावी तशा एकमेकींकडे वळून जुळतात. तयार होते एक नळी. हिला न्यूरल ट्यूब म्हणतात. वरच्या टोकाचा पुढे मेंदू होतो, बाकीच्या नळीचा मज्जारज्जू. नळी मिटायला सुरुवात होते साधारण २२व्या दिवशी आणि खालचं टोक मिटतं २८व्या दिवसाच्या आसपास. कण्याचं अगदी शेवटचं टोक त्यानंतर थोड्या वेगळ्या पद्धतीने बनतं.

२८वा दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले. कित्येक बायकांना तोवर आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं. म्हणजे पहिली सोनोग्राफी होण्याच्या आधीच हे काम उरकलेलं असतं.

अजून एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पाठीची कातडी आणि मज्जारज्जू हे दोन्ही गर्भाच्या एकाच थरातून बनतात. नळी मिटली की ती आत जाते आणि वर कातडी येते. त्यामुळे या टप्प्यावर आत काही चुकलं, तर त्याची खूण वरच्या कातडीवर उमटण्याची शक्यता असते. बाळाची पाठ बघायला सांगतात ते यासाठी.

उघडा दोष आणि झाकलेला दोष

मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांची नावं भरपूर आहेत, पण सोयीसाठी दोन गट करता येतात.

पहिला गट उघड्या दोषांचा. नळीचा एखादा भाग मिटलाच नाही, तर तिथे मणका आणि कातडीही बंद होत नाही. बाळ जन्मतं तेव्हा पाठीवर फुगा दिसतो आणि मज्जारज्जू उघडा पडलेला असतो. याला मायलोमेनिंगोसील म्हणतात. स्पायना बिफिडा हे नाव तुम्ही ऐकलं असेल, तर ते बहुतेक याच प्रकाराबद्दल. हा दोष लपत नाही. गरोदरपणात १८ ते २० आठवड्यांच्या ॲनॉमली स्कॅनमध्ये तो बऱ्याचदा दिसतो, आणि जन्मानंतर तर कुणालाही दिसतो. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांतच ऑपरेशन करून पाठ बंद करतात. यातल्या बऱ्याच बाळांच्या डोक्यात पाणी साठतं आणि ते पोटात उतरवण्यासाठी शंट नावाची बारीक नळी बसवावी लागते.

अशा मुलांचं आयुष्य संपलं असं समजायचं कारण नाही. ब्रिटनच्या टॅनी ग्रे-थॉम्प्सन यांना जन्मतः स्पायना बिफिडा आहे. व्हीलचेअर शर्यतीत त्यांनी पॅरालिम्पिकची ११ सुवर्णपदकं मिळवली आणि पुढे त्या ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेल्या.

दुसरा गट झाकलेल्या दोषांचा. आत घडण चुकलेली असते, पण वर कातडी शाबूत असते. बाळ रडतं, दूध पितं, पाय हलवतं. सगळं ठीक दिसतं. गरोदरपणात उघडा दोष ओळखायला जी रक्ततपासणी वापरतात, तिच्यात हे दोष पकडले जात नाहीत, कारण पाठीवर उघडी जखमच नसते. सोनोग्राफीतूनही ते सुटू शकतात. म्हणून 'सगळे रिपोर्ट नॉर्मल होते, मग हे कुठून आलं?' असं आईवडील विचारतात, तेव्हा कुणी हलगर्जी केलीच असेल असं नाही.

या दुसऱ्या गटातच तो दुर्मीळ प्रकार येतो, जो ऐकला की विश्वास बसत नाही.

एकाच पाठीत दोन मज्जारज्जू?

वैद्यकीय भाषेत याला स्प्लिट कॉर्ड मालफॉर्मेशन म्हणतात. मज्जारज्जू काही अंतरापर्यंत उभा दुभंगतो. वर एक, मध्ये दोन आणि बहुतेक वेळा खाली पुन्हा एक. नदीच्या मधोमध बेट आलं की पाणी दोन बाजूंनी वाहतं आणि पुढे परत एकत्र होतं, तसंच काहीसं.

आता या बेटाच्या जागी काय असतं, यावरून दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात मधोमध हाडाचा किंवा कूर्चेचा खुंटा असतो आणि दोन्ही अर्ध्यांना स्वतःचं वेगळं आवरण असतं. दुसऱ्या प्रकारात हाड नसतं, तंतूंचा पातळ पडदा असतो आणि दोन्ही अर्धे एकाच आवरणात राहतात.

हा आजार डॉक्टरांना जुना माहीत आहे. १८३७ मध्ये ऑलिव्हिए या फ्रेंच डॉक्टरांनी त्याला डायस्टेमॅटोमायेलिया असं लांबलचक नाव दिलं. पुढे दीडशेहून जास्त वर्षं नावांचा आणि व्याख्यांचा घोळ सुरू राहिला. १९९२ मध्ये डॉ. डॅचलिंग पँग यांनी वरचे दोन प्रकार मांडले आणि दोन्हींमागे मूळ चूक एकच आहे असं सुचवलं. त्यांच्या मांडणीनुसार अगदी सुरुवातीला, गर्भ चकतीसारखा असताना, थरांच्या मधून एक जादा वाट राहून जाते. त्या वाटेभोवती जमलेल्या पेशी मज्जारज्जूच्या आड येतात. त्या पेशींचं पुढे हाड झालं तर पहिला प्रकार, नाही झालं तर दुसरा.

हा प्रकार दुर्मीळ आहे आणि मुलींमध्ये जास्त दिसतो. पण दुर्मीळ म्हणजे आपल्याकडे नाहीच, असं नाही. दिल्लीच्या एम्समधले डॉ. ए. के. महापात्रा आणि डॉ. डी. के. गुप्ता यांनी २००५ मध्ये अशा २५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

आणि याची वरून दिसणारी सगळ्यात ठळक खूण कोणती? कमरेवर मधोमध वाढलेला लांब, दाट केसांचा झुपका. डॉक्टर त्याला फॉन टेल म्हणतात. रोमन पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बोकड असा फॉन आठवा, त्याच्या शेपटीवरून हे नाव आलं. थोडक्यात, केसाळ कंबर बघून देवादिकांची आठवण होणारे आपण एकटेच नाही.

पण दोन असले तर बिघडलं कुठे?

खरा त्रास दुभंगण्यापेक्षा अडकण्याचा असतो.

आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यापर्यंत मज्जारज्जू आणि कणा साधारण सारख्याच लांबीचे असतात. नंतर कणा भराभर वाढतो आणि मज्जारज्जू मागे पडतो. त्यामुळे मज्जारज्जूचं खालचं टोक आतल्या आत वर वर सरकत गेल्यासारखं होतं. मोठ्या माणसात ते कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी असतं. म्हणजे मज्जारज्जूला पोकळीत मोकळेपणानं सरकता यायला हवं.

आता मध्येच हाडाचा खुंटा असेल तर? किंवा खालच्या टोकाला चरबीची गाठ चिकटली असेल, शेवटचा धागा जाड आणि ताठ झाला असेल तर? मज्जारज्जू तिथेच बांधला जातो. दावणीला बांधलेल्या वासराचं दावं आहे तेवढंच राहिलं आणि वासरू मोठं होत गेलं, तर ते दावं काचतं. इथे काच बसतो मज्जारज्जूला. याला टेदर्ड कॉर्ड म्हणतात, म्हणजे बांधला गेलेला मज्जारज्जू.

ताण पडला की तिथल्या पेशींना रक्त कमी पडतं आणि ऑक्सिजनही नीट वापरता येत नाही. सुरुवातीला पेशी फक्त थकतात, नंतर कायमच्या निकामी होतात. मूल जितकं उंच होतं, वाकतं, खेळतं, तितका ताण वाढतो. म्हणून जन्मतः धडधाकट दिसलेल्या मुलाला तिसऱ्या, सातव्या किंवा बाराव्या वर्षी अचानक त्रास सुरू होतो आणि घरच्यांना वाटतं, हे नवीनच काहीतरी उपटलं.

आणि ती शेपूट?

आपल्या सगळ्यांनाच एकेकाळी शेपूट होती. गर्भ चार ते आठ आठवड्यांचा असताना त्याला खरोखरची छोटी शेपटी असते आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी ती विरून जाते. मागे उरतं ते माकडहाड. मराठीने या हाडाला किती नेमकं नाव दिलंय बघा.

क्वचित एखाद्या बाळात शेपटीसारखा भाग दिसतो. त्यात बहुतेक वेळा कातडी, चरबी, रक्तवाहिन्या, कधी थोडे स्नायू असतात. काही वेळा ती निरुपद्रवी असते. पण काही बाळांमध्ये तिच्या मुळाशी चरबीची गाठ असते आणि ती थेट आत मज्जारज्जूपर्यंत पोहोचलेली असते. हे बाहेरून बघून कुणालाच सांगता येत नाही, अनुभवी डॉक्टरांनाही नाही.

म्हणून दोन्ही टोकाच्या प्रतिक्रिया चुकीच्या ठरतात. देवाचा प्रसाद म्हणून ठेवून दिली, तर आतला मज्जारज्जू अडकलेलाच राहतो. लोक हसतील म्हणून आतलं न तपासता नुसती वरची शेपूट कापून टाकली, तर आतला दोष तसाच राहतो आणि तो ओळखायची खूणही जाते. कापायला हरकत नाही, पण आधी आत काय आहे ते बघून.

पाठ बघायची कशी?

आपल्याकडे बाळाला रोज मालिश होते. आजी किंवा मालिशवाल्या मावशी पाय पसरून बसतात, बाळाला पायांवर पालथं घेतात, तेल लावतात, गरम पाण्याने न्हाऊ घालतात. बाळाची पाठ डॉक्टरांपेक्षा जास्त वेळा यांच्या नजरेखालून जाते. त्यामुळे ही माहिती आईवडिलांइतकीच त्यांनाही द्या.

मानेपासून माकडहाडापर्यंत, कण्याच्या रेषेवर पुढच्यापैकी काही आहे का ते बघा.

- एकाच जागी वाढलेला दाट, लांब केसांचा झुपका
- कातडीखाली मऊ, चरबीसारखी गाठ किंवा फुगवटा
- लाल किंवा जांभळट मोठा डाग, विशेषतः कमरेच्या मधोमध
- शेपटीसारखा लोंबणारा भाग
- कुल्ल्यांच्या फटीच्या वरच्या बाजूला असलेलं खोल छिद्र, ज्याचा तळ दिसत नाही, किंवा ज्यातून पाणी, पू येतो
- कुल्ल्यांमधली फट सरळ नसून एका बाजूला वळलेली किंवा दुभंगलेली

यातली एक जरी खूण दिसली तरी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. दोन असतील तर अजिबात टाळू नका.

छिद्राबद्दल थोडं सविस्तर. काही बाळांमध्ये कातडीवरच्या छिद्रातून बारीक बोगदा आत मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत गेलेला असतो. त्यातून जंतू आत शिरले तर मेंदूज्वर होऊ शकतो. म्हणून अशा छिद्रात कापसाची काडी घालून बघणं, तेल सोडणं, दाबून 'मळ' काढणं हे काही करू नका.

केसांचंही तसंच. बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा किंवा डाळीच्या पिठाचा गोळा फिरवायची पद्धत अनेक घरांत आहे. कमरेवर वेगळा झुपका दिसला तर तो काढायच्या मागे लागू नका. फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि या गोष्टींना घाबरू नका

ही यादी वाचून आज रात्री अनेक घरांत बाळं पालथी केली जातील, म्हणून हेही सांगणं गरजेचं आहे.

माकडहाडाजवळ, कुल्ल्यांच्या फटीच्या आत, छोटीशी उथळ खळी अनेक बाळांना असते. ती मधोमध आहे, ५ मिलिमीटरपेक्षा लहान आहे, गुदद्वारापासून अडीच सेंटिमीटरच्या आत आहे, तळ दिसतो आणि बाकी कोणतीही खूण नाही, तर ती सहसा निरुपद्रवी असते.

कमरेवर, कुल्ल्यांवर निळसर-करडे डाग भारतीय बाळांमध्ये खूपच सामान्य आहेत. लहानपणीच ते फिके होत जातात. त्यांचा मज्जारज्जूशी संबंध नाही. पाठभर पसरलेली बारीक लवही नेहमीचीच.

आणि मोठ्यांसाठी एक. कंबरदुखीसाठी एक्स-रे काढला आणि रिपोर्टवर 'स्पायना बिफिडा ऑकल्टा' असं लिहून आलं, म्हणून गुगल करून झोप उडवू नका. खालच्या एखाद्या मणक्याची कमान पूर्ण जुळलेली नसणं इतकाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो. खूप लोकांमध्ये ते आढळतं आणि त्याचा काही त्रास होत नाही.

मूल मोठं झालंय, आता काय बघायचं?

तान्हेपणी खूण लक्षात आली नसेल, तरी मुलाचं शरीर नंतर इशारे देतं. एक पाय दुसऱ्यापेक्षा बारीक, एक पाऊल लहान, दोन पायांना वेगवेगळ्या मापाचे बूट लागणं. तळपायाची कमान जास्त उंच होणं, बोटं आकडणं. चालताना पाय ओढणं, वारंवार पडणं. पाठीला बाक येणं. कमरेत आणि पायात सतत दुखणं. पायावर जखम झाली तरी मुलाला न दुखणं.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते लघवीकडे. पूर्वी कोरडं राहणारं मूल परत कपडे ओले करायला लागतं, थेंब थेंब लघवी होत राहते, सारखा लघवीचा संसर्ग होतो, जोडीला बद्धकोष्ठता. घरी आणि शाळेत याला आळस, भीती, लाड, वाईट सवय अशी नावं पडतात. मूल ओरडा खातं, लाजतं, पाणी पिणं कमी करतं. अंथरूण ओलं करणाऱ्या बहुतेक मुलांना मज्जारज्जूचा आजार नसतो, हे खरं. पण दिवसाही कपडे ओले होत असतील आणि जोडीला पायाची तक्रार किंवा पाठीवर खूण असेल, तर रागावण्याआधी डॉक्टरांकडे जा. मूत्राशय नीट रिकामं होत नसेल तर दाब उलटा किडनीवर येतो, आणि किडनीचं नुकसान बाहेरून दिसत नाही.

तपासणी आणि ऑपरेशन

पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाच्या मणक्यांची मागची बाजू पूर्ण हाडाची झालेली नसते. त्यामुळे साध्या सोनोग्राफीतूनही मज्जारज्जू दिसतो, इंजेक्शन नाही, भूल नाही. ही संधी थोडेच महिने असते, म्हणून 'मोठं झालं की बघू' असं म्हणू नये. पुढे मात्र एमआरआयच लागतो. त्यात एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसतो, पण मूल स्थिर राहावं म्हणून झोपेचं औषध किंवा भूल द्यावी लागते. हाडाचा खुंटा नीट बघायचा असेल तर कधी सीटी स्कॅनही करतात. शिवाय मूत्राशय आणि किडनीची तपासणी होते.

ऑपरेशनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मज्जारज्जू जिथे अडकलाय तिथून मोकळा करतात. हाडाचा खुंटा असेल तर काढतात, जाड धागा कापतात, चरबीची गाठ शक्य तेवढी सोडवतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ऑपरेशन पुढचं नुकसान थांबवण्यासाठी असतं. झालेलं नुकसान भरून निघेलच असं नाही. दुखणं बऱ्याच जणांचं कमी होतं, पायांची ताकद काहींची सुधारते. पण एकदा गेलेला लघवीवरचा ताबा परत येणं सगळ्यात अवघड. म्हणून लवकर ओळखण्यावर एवढा भर.

मग खूण दिसली की लगेच ऑपरेशन? नाही. हाडाचा खुंटा असेल तर त्रास सुरू होण्याआधीच ऑपरेशन करावं, याकडे बहुतेक तज्ज्ञांचा कल असतो. पण काही चरबीच्या गाठींबद्दल, मुलाला काहीच त्रास नसताना हात लावावा की लक्ष ठेवून थांबावं, यावर डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत. ऑपरेशनलाही धोके आहेत. मज्जारज्जूभोवतीचं पाणी गळू शकतं, संसर्ग होऊ शकतो, मज्जारज्जू काही वर्षांनी परत अडकू शकतो. त्यामुळे दुसऱ्या तज्ज्ञांचं मत घेण्यात काही गैर नाही.

ज्यांचं मूत्राशय नीट रिकामं होत नाही, त्यांच्यासाठीही उपाय आहे. ठरावीक तासांनी स्वच्छ, पातळ नळी घालून लघवी काढायची. अमेरिकेतले डॉ. जॅक लॅपिडीस यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, स्वच्छ हात आणि स्वच्छ नळी पुरते. आज हजारो मुलं ही पद्धत शिकून शाळेत जातात.

आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून?

असं बाळ जन्मलं की पहिलं बोट आईकडे जातं. ग्रहणात भाजी चिरलीस का, पपई खाल्लीस का, जड उचललंस का? या कशाचाही संबंध नाही. बहुतेक वेळा एकच एक कारण सांगताच येत नाही.

मात्र एक गोष्ट पक्की माहीत आहे, ती म्हणजे फॉलिक ॲसिड. १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सात देशांतल्या ३३ केंद्रांवर केलेल्या चाचणीत दिसलं, की आधीच्या गर्भात उघडा दोष असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुन्हा तसा दोष होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. ज्यांना असा काही इतिहास नाही, त्यांच्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं. जास्त डोस स्वतःच्या मनाने घ्यायचा नाही, डॉक्टर ठरवतील.

हा पुरावा मुख्यतः उघड्या दोषांसाठीचा आहे. मज्जारज्जू दुभंगण्यासारखे झाकलेले प्रकार त्याने टळतातच असं म्हणता येत नाही.

गडबड होते ती वेळेची. सरकारी दवाखान्यात मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची मोफत गोळी गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज देतात. ती रक्त वाढण्यासाठी आवश्यकच आहे. पण नळी मिटते २८व्या दिवशी. म्हणून बाळाचा विचार सुरू केला की निदान महिनाभर आधीपासून आणि पुढे पहिले तीन महिने फॉलिक ॲसिडची वेगळी गोळी घ्यायची असते. मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात आणा. फिट्सचं औषध सुरू असेल तर गर्भधारणेआधी डॉक्टरांशी बोला, कारण व्हॅलप्रोएटसारख्या औषधाने धोका वाढतो. पण औषध परस्पर बंद करू नका.

जायचं कुठे?

यासाठी सरकारी योजना आहे आणि तिची सुरुवात महाराष्ट्रातच, पालघरमध्ये, ६ फेब्रुवारी २०१३ ला झाली होती. नाव, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची यात तपासणी होते आणि जन्मजात दोषांच्या यादीत न्यूरल ट्यूबचा दोष आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ४२व्या दिवसापर्यंत आशाताई सहा वेळा घरी येतात. पुढे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. आशाताई आल्या की बाळाचं वजन करून घेताना 'जरा पाठही बघा' एवढं म्हणा. काही आढळलं तर जिल्ह्याच्या केंद्राकडे आणि तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवतात. उपचाराच्या खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारा.

आणि पुढच्या वेळी ती रील तुमच्या ग्रुपवर आली, तर नमस्कार करायचा की हसायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त खाली एक ओळ लिहा. 'या बाळाला बालरोगतज्ज्ञांना दाखवा, मणक्याचा एमआरआय करून घ्या.' ते बाळ कदाचित फार लांबचं असेल, पण ती कमेंट वाचणाऱ्या एखाद्या घरात तसाच झुपका असलेलं बाळ असू शकतं.